हिरवळीवरचे पट्टे

लालबाग,
३ नोव्हेंबर २०२५

चि. मेघना हिस,
अनेक आशीर्वाद. अर्धे जावईबापूंना, हितेंद्रला दे.

हाकेच्या अंतरावर राहून आत्या पत्र कसलं लिहिते म्हणून हसशील. हस. पण मी आता सोसायटीची सेक्रेटरी आहे. खालच्या लॉनचं गवत कापायचं काम कोणाला द्यायचं ते कमिटीत ठरायचंय, त्यात तुझंही नाव आहे आणि तू पडलीस माझी सख्खी भाची. फोनवर बोलले तर उद्या लोक म्हणतील, मालनने आतल्या आत जमवलं. म्हणून सगळं कागदावर, आणि कागद कमिटीपुढे. तुझे जयवंतकाका सकाळी भोईवाड्यापर्यंत फिरायला येतातच, ते पत्रं पोचवतील. त्यांना काही विचारू नकोस. गप्प राहायला सांगितलंय, आणि तसे ते लग्नापासून गप्पच आहेत.

काम असं आहे. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही परत राहायला आलो, तेव्हा बिल्डरने पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, लॉन करून दिलं. आतापर्यंतचा माणूस चार चाकांचं मशीन आणायचा. कडेला आलं की एक चाक खाली घसरायचं आणि तिथलं गवत खरवडून टक्कल पडायचं. त्याला बंद केला. आता शेजारच्या टॉवरचं लॉन बघ, ज्यातले फ्लॅट बाहेरच्यांना विकले तो. एक पट्टा गडद, एक फिका, इस्त्री केल्यासारखं. आम्हाला तसेच पट्टे पाहिजेत. कमिटी ठाम आहे, आणि कमिटीत सगळ्यात ठाम मी आहे.

तू रोलरचं मशीन घेणार असं हितेंद्र बोलला होता. कुठलं घेतेस ते कळव. दुसऱ्या एकाने पट्टे काढून देतो म्हणून लिहून दिलंय, तेव्हा उशीर करू नकोस.

माया आहेच, ती कागदावर मागायला नको.

तुझी आत्या,
मालन (सेक्रेटरी)


भोईवाडा, परळ,
५ नोव्हेंबर २०२५

ती. मालनआत्या (सेक्रेटरी) यांस,
मेघनाचा सा. न. वि. वि.

कंसातलं पद वाचून हितेंद्र खुर्चीवरून उठून उभा राहिला. अजून बसलेला नाही.

आता कामाचं. रोलरचंच मशीन घेणार हे नक्की. त्याला मागे चाकांऐवजी आडवा रोलर असतो, त्यामुळे ते कडेवरून घसरत नाही. पट्टेही रोलरच काढतो. जाताना गवत एका बाजूला दाबलं जातं, येताना दुसऱ्या, म्हणून एक पट्टा उजळ दिसतो आणि एक काळपट. गवत तेच असतं.

पण अशी मशीनं दोन तऱ्हेची येतात. एकात सिलिंडरवर पाती असतात, ती कात्रीसारखं गवत कापतात. शेजारच्या टॉवरवर हेच चालतं. पट्टे सुरेख येतात. पण गवत अगदी आखूड ठेवावं लागतं, आणि आखूड गवत रोजचं बसणं-उठणं सोसत नाही. शिवाय एखादा खडा आला तर पात्याला खाच पडते. दुसऱ्यात खाली पंख्यासारखं एकच पातं फिरतं. गवत थोडं उंच राहतं आणि वर्दळ सोसतं. रोलर त्यालाही असतो, म्हणून पट्टे येतात, पण फिके, आणि कोणी बसलं की जातात.

मला एकच मशीन घेता येणार आहे. म्हणून विचारते, तुमच्या लॉनवर संध्याकाळी कोण बसतं? काय सांडतं तिथे?

आणि हे कमिटीने वाचलं तरी चालेल. मला हे काम हवंय. आजपर्यंत बंगल्यांची अंगणं केली, एका शाळेचं मैदान केलं. एवढं मोठं काम हे पहिलंच. शिवाय तिथल्या चाळीत माझा जन्म, माझा पाळणा तुझ्या खोलीत टांगलेला. ती जागा दुसऱ्या कोणाकडे गेली तर मला फार लागेल.

काकांना नमस्कार. रागावलीस तरी जेवायला बोलवायचं थांबवू नकोस, एवढाच लोभ.

तुझी,
मेघना


लालबाग,
६ नोव्हेंबर २०२५

चि. मेघना हिस आशीर्वाद. हितेंद्रला म्हणावं बस आता.

कोण बसतं काय विचारतेस गो? अख्खी चाळ बसते. शांताबाई मटार सोलायला घेऊन येतात आणि त्यांच्या केसांतले आकडे गवतात पडतात, ते आम्ही सगळ्या मिळून शोधतो. तुझे काका पेपर तोंडावर घेऊन आडवे होतात. पोरं लोळतात. शेंगांची टरफलं पडतात, ती मी ओरडून उचलायला लावते.

पण त्याचं एवढं काय? पट्टे आले की सांगू, बसू नका म्हणून. शेजारी पाटी आहे, आपणही लावू. त्यांना गडद पट्टे आणि आम्हाला फिके, हे का म्हणून? मेघना, त्यांच्या गेटवरून जाताना तिथल्या वॉचमनने मला विचारलं, मावशी, कुठल्या फ्लॅटमध्ये कामाला जाता. मी इथे जन्म काढला. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय, एक तरी गोष्ट त्यांच्या तोडीस तोड दिसली पाहिजे.

तर रविवारी सकाळी ते सिलिंडरवालं मशीन घेऊन ये आणि कापून दाखव. कमिटी उभी राहून बघेल. नाश्त्याला आंबोळ्या करीन, पण त्या आत्या म्हणून, सेक्रेटरी म्हणून नाही.

रागावलेय, पण तुझीच,
मालनआत्या


भोईवाडा, परळ,
९ नोव्हेंबर २०२५, रविवार दुपार

ती. मालनआत्यास,
मेघनाचा सा. न. वि. वि.

घरी येऊन आंघोळ केली आणि लगेच लिहायला बसले. उद्यापर्यंत थांबले तर माझा धीर जाईल.

डीलरकडून एका दिवसासाठी आणलेलं मशीन तू बघितलंस. पट्टे देखणे आले, मी तरी कशाला नाही म्हणू. फिक्या पट्ट्यांना पाणी कमी पडलं का, असं शांताबाई दोनदा विचारून गेल्या, तेवढं सोडलं तर सगळे खूश. तू टाळ्या वाजवल्यास. चेअरमन धम्मपालभाऊंनी काम तुझंच म्हणून सांगितलं. माझे पाय जमिनीवर नव्हते.

पण आत्या, मी ते मशीन घेणार नाही. तू लिहिलेलं माझ्या डोक्यातून जात नाही, अख्खी चाळ बसते ते. ते मशीन घेतलं की तुम्हाला तिथून उठवावंच लागेल, नाहीतर महिन्याभरात लॉनची माती होईल. तुम्हाला उठवायचं काम मी घ्यावं असं मला वाटत नाही. आणि फिके पट्टे काढून गडद म्हणून सांगणंही जमणार नाही. मी दुसरं मशीन घेतेय, वर्दळ सोसणारं. कमिटीला शेजारच्यासारखंच हवं असेल तर काम त्या दुसऱ्या माणसाला द्या. माझा राग नाही.

राग नाही हे खरं, पण वाईट खूप वाटतंय. हितेंद्र म्हणतो, हातात आलेलं काम कोणी असं परत करतं का. करतं बहुतेक.

आंबोळ्या छान होत्या. काम गेलं तरी भाचीचं नातं जाणार नाही, हे धरून चालते.

तुझी,
मेघना


लालबाग,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मेघना हिस,
खूप खूप आशीर्वाद.

रविवारी तू गेलीस त्यानंतरचं तुला माहीत नाही, ते आधी सांगते. संध्याकाळी नेहमीसारखे सगळे खाली आले आणि लॉनच्या कडेला उभे राहिले. पाटी नव्हती. बसू नका असं कोणी म्हणालंही नव्हतं. पण इतकं नीटनेटकं दिसत होतं की पाय टाकायला कोणी धजेना. शांताबाई मटाराची पिशवी घेऊन पाच मिनिटं थांबल्या आणि वर गेल्या. बायांनी पोरांचे हात धरून ठेवले. तुझ्या काकांनी पेपरची घडी केली आणि लिफ्टकडे चालू लागले. मग मीही चटई घेऊन परत आले.

घरी येऊन दार लावलं. चाळीत दार कधी लावलेलं आठवत नाही. इथे दार लावलं की समोरचा माणूस आहे की नाही तेही कळत नाही. खाली बसतो म्हणून एकमेकांची तोंडं दिसतात, नाहीतर आम्ही एकाच बिल्डिंगमधले परके. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. ज्या पट्ट्यांसाठी मी भांडले ते खिडकीतून दिसत होते आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

काल मीटिंग झाली. तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि बाहेर गेले, कारण भाचीच्या कामात मत द्यायचं नाही हे मी आधीच सांगितलं होतं. लिफ्टपाशी उभी होते. आतून बराच वेळ दुसऱ्या माणसाचंच नाव ऐकू येत होतं. मग धम्मपालभाऊ बाहेर आले. म्हणाले, मी आत एवढंच सांगितलं, रविवारी माझी आई खिडकीतून बघून विचारत होती, बिल्डिंगमध्ये कोण गेलं रे, खाली कोणीच कसं नाही.

काम तुझं आहे, चेडवा. तुझ्या मशीनने. पट्टे फिके असले तरी चालतील, असं ठरावात लिहिलंय. गवत वाढायला वेळ दे आणि मग ये.

आतापर्यंत होती त्याहून जास्त माया आहे, हे मात्र कागदावर लिहिते.

तुझी,
मालनआत्या


भोईवाडा, परळ,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास सा. न.

काकांनी पत्र दिलं आणि मी वाचेपर्यंत ते दारातच थांबले. मी वाचून त्यांच्या गळ्यात पडले तेव्हा ते चक्क बोलले. म्हणाले, चहा टाक.

डीलरला मशीन सांगितलं. बॅटरीवरचं घेतेय, आवाज कमी, म्हणजे दुपारी कोणाची झोप मोडणार नाही. सोमवारी, चोवीस तारखेला येते. मला शब्द सुचत नाहीत, तेव्हा तूच समजून घे.

तुझी,
मेघना


लालबाग,
२५ नोव्हेंबर २०२५

चि. मेघना हिस आशीर्वाद.

काल तू घाईत निघून गेलीस, म्हणून कळवते. कडेला कुठेही टक्कल पडलेलं नाही. पट्टे आले. फिके, पण आले. मी वरून बघितले आणि मला पुरले.

संध्याकाळी धम्मपालभाऊ आईला धरून खाली घेऊन आले. म्हातारी पहिली बसली, मधल्या पट्ट्यावर, पाय पसरून. मग शांताबाई, मग पोरं, मग सगळेच. दिवेलागणीला एकही पट्टा शिल्लक नव्हता. दारापुढची रांगोळी पण दुपारपर्यंत पुसली जातेच की. सोमवारी ये आणि परत काढ, आम्ही परत पुसू.

तुझी,
मालनआत्या