समुद्रतळाचे उलटे बाण

प्रिय ताई,

नमस्कार. मी धडधाकट आहे. हे आधीच सांगते, नाहीतर तू घाईने शेवटची ओळ वाचायला जाशील.

इथल्या संग्रहालयात मी दर शनिवारी लोकांना माहिती सांगायचे. तिथे समुद्रतळाची प्रतिकृती आहे. तळाच्या मधोमध जी डोंगररांग असते, तिथे त्यांनी बाण एकमेकांकडे वळवलेले. अगं, तिथे पृथ्वीचं कवच दुभंगतं, खालचा शिलारस वर येऊन नवा तळ तयार होतो आणि जुना दोन्हीकडे लांब सरकतो. मी संग्रहालयाच्या साहेबांना दाखवलं, तर म्हणाले, "आजी, हे तज्ज्ञांनी केलंय." तीस वर्षं भूगोल शिकवला, तो काय भिंतींना?

मग मीच बाण खरवडून सुलटे चिकटवले. पुढच्या शनिवारी मला दारातच थांबवलं. लेक म्हणाला, "आई, कशाला नसती उठाठेव?" तो आणि सूनबाई दिवसभर कामावर. तेवढा एक शनिवार माझा होता.

दमले गं. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या खोलीत माझी खाट अजून आहे ना? येते असं म्हणत नाही, पण तिच्यावर पसारा मांडू नकोस.

तुझी,
धाकटी