वरचा आवाज

४ फेब्रु.
बावड्यात सागरच्या स्टुडिओत गेले. आमची जुनी रेकॉर्ड नव्यानं निघतेय. मी आणि झुबेदा, कॉलेजातल्या मैत्रिणी. एकच गाणं गाजलं. सागरनं कॉम्प्युटरवर दोघींचे आवाज वेगळे काढले. शेवटच्या ओळीत सूर वर चढतो, त्यावर मी अजून सत्कार घेते. सागर म्हणाला, "मॅडम, हा वरचा आवाज तुमचा न्हाय की."
ठाऊक होतं. जुन्या मिक्समध्ये दोघी अशा मिसळलेल्या, की कुणाला कळलंच नाही. मीही कधी बोलले नाही.

५ फेब्रु.
सागरला म्हटलं, शेवटच्या ओळीतला तिचा आवाज काढून टाक.
"मग ओळ खालीच ऱ्हाईल."
म्हटलं, माझाच आवाज ओढ वर. मशीन करतं ना?
केलं. थोडा पत्र्यासारखा वाजतो. पण माझा.

११ फेब्रु.
झुबेदा कागलहून आली, नातीला घेऊन. ठेवणीतली साडी. हेडफोन लावून डोळे मिटले. ओठ हलत होते. शेवटच्या ओळीला थांबले.
"नले, वर मी जायची की गं?"
"न्हाय गं. तू खालचं गायचीस. विसराया लागलीस."
सागर स्क्रीनकडंच बघत राहिला.
"असंल बाई," म्हणाली. मग नातीला, "तुला उगंच सांगत आले बघ इतकी वर्षं."
जाताना मला मिठी मारली.
मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरंच वाटलं.

२० फेब्रु.
नातीचा फोन. "दादीला डॉक्टरकडं नेलतं. इसरतीय म्हणून गोळ्या चालू केल्यात." घरात गुणगुणायची, तेही बंद म्हणे.
मी म्हटलं, वेळेत नेलंत, बरं केलंत.

२३ फेब्रु.
आज झुबेदा स्वतः फोनवर. "तुला सगळं आठवतंय. मी आणि काय काय चुकीचं धरून बसलीय, सांग की."
एकेक विचारत गेली. रेकॉर्डिंगच्या दिवशी तुझा घसा बसलावता, ते खरं का? तू रडलीस, मी म्हटलं वरचं मी घेते, ते? आपण दोघी स्टेशनपर्यंत चालत गेलतो, ते तरी?
चालत गेलेलो, तेवढं खरं म्हटलं. बाकीचं नंतर सांगते म्हणून फोन ठेवला.
मग सागरला फोन केला. तिचा आवाज अजून आहे त्याच्याकडं.
"ठेवू का पुसू, मॅडम? उद्या कंपनीला पाठवायचंय."
सकाळी सांगते म्हटलं.
फोन वाजतोय. झुबेदाच. सहा वेळा वाजला, सात. मी लिहीतच बसलेय.