ताईचा मऊ आवाज

२ मार्च

ताईस,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही असालच. भाऊजींचा खोकला थांबला का? झालं, रीत संपली.

तू मोबाइलवर पाठवलेलं रेकॉर्डिंग मिळालं. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मला सातवा सरून आठवा लागलाय. डाव्या कुशीवर झोपले की बाळ लाथा मारतं, कूस बदलली की छातीत जळजळतं. दुकानात पडदे शिवताना मात्र मशीनवरच डुलक्या येतात. परवा एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला झालर उलटी लावली. मालकीणबाईंनी ती स्वतःच उसवायला घेतली, तेच जास्त लागलं.

म्हणून लावलं तुझं रेकॉर्डिंग. "आता तुमचे खांदे सैल सोडा. कपाळावरची आठी जाऊ द्या." ताई, उभ्या जन्मात मला कधी 'तुम्ही' म्हणालीस? तुझ्या योगाच्या वर्गातल्या बायका त्या मधाळ आवाजाला भुलत असतील. मी तुझ्या हातच्या चापट्या खाल्ल्यात. तरी सांगितलंस तसं केलं. पायाची बोटं, पोटऱ्या, मांड्या, एकेक आवळून सोडलं. श्वास लांबवला. खरं सांगते, जबडा सैल पडला, डोळे जड झाले. तुझ्या आवाजाला गुण आहे, नाही म्हणत नाही.

पण तू रेकॉर्डिंग बंद करायला विसरलीस. दूध उतू गेल्याशिवाय तू गॅस तरी कधी बंद केलास? मऊ आवाज संपला आणि तुझा खरा आवाज आला. भाऊजींना म्हणालीस, "आता तरी झोपेल बया. मागचं जागून जागून घालवलं तिनं."

घालवलं. छत्री घालवावी तसं.

मी ताडकन उठून बसले. मागच्या खेपेला मी रात्री शिवत बसायचे, हे खरं. झोप येत नव्हती म्हणून बसायचे. बाळ गेलं तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की यात कुणाचाच दोष नाही. तू शेजारच्या खुर्चीवर बसून मान डोलावत होतीस. घरी पोचेपर्यंत ते कुठे सांडलंस?

आता रोज तेच होतं. खांदे सुटतात, हात सुटतात, आणि पोटापाशी आले की तुझं वाक्य येतं. पोट काही सैल पडत नाही. भीती वाटते, ताई. या वेळीही काही झालं तर तू काय म्हणशील, याची नाही. मीच तुझं खरं मानीन, याची.

बाळंतपणाला येते म्हणालीस. येऊ नकोस. आधी दुसरं रेकॉर्डिंग कर. मागे लाटांचा आवाज नको, 'तुम्ही' नको. भांडताना लावतेस त्या आवाजात एवढंच म्हण, की तुझी चूक नव्हती. भाऊजींना ऐकू जाईल असं म्हण. मग पोटही सैल सोडीन, आणि दारही उघडीन.

वाट बघत नाहीये. जागी आहे, एवढंच.

धाकटी