वरचा थर

सर, टोमॅटोच्या क्रेटला वर निवडक फळांचा थर लावायची रीत आपल्याकडे अजून आहे. तुम्ही मात्र व्यापाऱ्यासमोर क्रेट ओतून दाखवायचात, आणि काकू त्यावरून तुमच्याशी भांडायच्या. त्या रविवारी मी पिंपळवंडीला तुमच्या शेतावर आले, तेव्हाही त्या क्रेट भरत होत्या. मी बी.एड. होऊन घरी बसले होते. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर पाहुणे बघायला येणार, असं वडिलांनी ठरवलेलं. आंबेगावात डोंगराकडच्या एका शाळेत इंग्रजीची जागा निघाली होती आणि माझा इंग्रजीतला अर्ज तुमच्या हातात होता. व्हेरी हार्डवर्किंग, एक्स्ट्रीमली सिन्सिअर, ट्रूली इंटरेस्टेड. तुम्ही बांधावर बसून तो वाचलात आणि म्हणालात, "हा समदा वरचा थर झाला. खाली काय हाय?"

"मला नोकरीची लई गरज आहे, सर."

"गरज समद्यांनाच असती. तुला शिकवायचंय कुणाला, ते सांग."

ज्यांच्या घरात इंग्रजी कुणी ऐकलेलं नाही अशा मुलांना, असं मी रागानेच म्हणाले. तुम्ही जोराचे सगळे शब्द खोडलेत, ते वाक्य लिहायला लावलंत आणि त्याच्या आधी एकच शब्द ठेवलात, एस्पेशली. "जोर एकदाच द्यायचा. समदीकडं दिला की कुठंच ऱ्हात न्हाई." काकू म्हणाल्या, "अर्जात न्हाई तर न्हाई, ह्या पोरीच्या लग्नात तरी जोर लावू द्या." मुलाखतीत मला त्या एका वाक्याबद्दलच विचारलं. जागा मिळाली. तेव्हापासून मी मुलांच्या निबंधांतले व्हेरी खोडत आले आहे.

तुम्ही गेल्यावर, तुम्ही मला जिथे शिकवलंत त्या शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे इंग्रजीत चार ओळी मागितल्या. सर घंटेआधी वर्गात असत, तपासलेल्या वह्या दुसऱ्या दिवशी परत देत, असं लिहिलं. छापायला देण्याआधी काकूंना मराठीत सांगितलं.

"एवढंच? माणूस लई चांगला व्हता, तेवढं तरी घाल की."

"सरांना चाललं नसतं, काकू."

"त्यांना नसतं चाललं. मला चाललं असतं."

मी काही घातलं नाही. होतं तसंच छापून आलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे एक कबूल करते. जोर एकदाच द्यायचा, असं तुम्ही सांगितलं होतं. देऊच नको, असं कधी म्हणाला नव्हतात. जोर द्यायची ती एक जागा काकूंनी मला दाखवली होती. मी ती मोकळी सोडली.