पाचव्या भागाला स्थगिती

३ फेब्रुवारी
टीव्हीवाले आले! सरकारी वकिलांवर म्हणे सहा भागांची मालिका. आमच्या कचेरीत पंखा फिरत नाही, पण प्रकाशझोत तीन. साहेबांनी नवा कोट शिवलाय. कपाळाला आठ्या घालून फाइल वाचताना त्यांचं चित्रण झालं – फाइल उलटी होती, एवढंच.

११ फेब्रुवारी
लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा खटला निवडलाय. म्हातारीला ढकलून दागिने पळवल्याचा आरोप. समोरच्या शिंपिणीने त्याला जिन्यात ओळखलं, एवढाच पुरावा. दिग्दर्शिका मला म्हणते, "मॅडम, जरा थकलेल्या दिसा ना!" बाई गं, वीस वर्षं याच सहायक वकिलाच्या खुर्चीत आहे. आणखी किती दिसू?

२ जुलै
मालिका सुरू. साहेब आता भाजी घ्यायलाही कोट घालून जातात.

१९ जुलै
घोटाळा! पाचव्या भागाची झलक दाखवली. त्यात आमचं टेबल, टेबलावर शिंपिणीचा पहिला जबाब. बचावाच्या वकिलाने चित्र थांबवून तो वाचला – "चेहरा दिसला नाही." हा जबाब आम्ही त्याला दिलाच नव्हता. लगेच अर्ज, पाचव्या भागाला स्थगिती. न्यायाधीशांनी न दाखवलेलं सगळं चित्रण मागवलंय.

२० जुलै
साहेब पांढरेफटक. "मला काही आठवतच नाही हो." वा! मला बरं आठवतं – कागद त्यांनीच फाइलच्या तळाशी सारला. एरवी काय ती ऐट! नवरा म्हणाला, "तू सांभाळून राहा." मी कशाला? कोट त्यांचा, मालिका त्यांची, निस्तरतील तेच.

२६ जुलै
कोर्टाच्या जिन्यात आरोपीची बायको भेटली. "मॅडम, ती फिल्म लावली की हे घरी येतील ना?"
"बघू," म्हटलं. नऊ महिने आत आहे तो. ती मलाच "देव तुमचं भलं करो" म्हणून गेली. जेवण गेलं नाही.

२ ऑगस्ट
कोर्टात चित्रण लावलं. पडद्यावर साहेब म्हणतात, "हा जबाब बचावाला द्यायला हवा." आणि मी – मी! – हसून म्हणते, "राहू द्या हो साहेब, मागितलाय कुणी?" कागद तळाशी मीच सारते.

लिफ्टवाल्याला जामीन मिळाला. माझ्यावर चौकशी.

साहेबांनी मला पाणी आणून दिलं.