बरणीवरचा फोटो

लॉरेल फोर्क, केंटकी
१४ सप्टेंबर

ती. ओपल आत्यास,
सा. न. वि. वि.

तू विणलेला मफलर पोचला. जूनीसाठी होता, पण सकाळी शाळेची बस काढताना मीच गुंडाळते.

आता भांडण. बर्लच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक बरणी आहे. तिच्यावर माझ्या जूनीचा फोटो आणि खाली, दम्याच्या औषधासाठी मदत करा. बर्ल म्हणाला, ओपलबाईंचा डेटनहून हुकूम आला, मी बापडा काय करणार! घर जळलेल्यांसाठी, मयतासाठी आपल्याकडे बरणी ठेवतात. मीही तीत पैसे टाकते. पण माझी मुलगी बरणीवर नको. मी काम करते, आत्या. उन्हाळ्यात शाळा बंद, बस उभी, म्हणून नव्या नियमाचे कामाचे तास भरले नाहीत आणि माझं सरकारी विम्याचं कार्ड गेलं. त्याबरोबर जूनीचंही. तिच्या पंपात तीनेक आठवड्यांचं औषध उरलंय. मी जादा फेऱ्या मागितल्यात. होईल काहीतरी.

बरणी शनिवारी काढणार. तू रागावू नकोस, रागवायची पाळी माझी आहे.

तुझीच,
रोवेना

डेटन, ओहायो
१९ सप्टेंबर

चि. रोवेनास,
अनेक आशीर्वाद.

बरणी मीच ठेवायला लावली आणि मुळीच माफी मागत नाही. तुझा बाप असाच. खाणीत बोट तुटलं तरी खरचटलंय म्हणाला.

पण मला सांग, जूनीचं कार्ड गेलं हे तुला कोणी सांगितलं? चौदा वर्षं मी इथल्या दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर कामाला होते. आपलं गेलं म्हणजे लेकराचंही गेलं असं धरून घरी बसलेल्या आया रोज बघायची. तासांची अट मोठ्यांना आहे, मुलांना नाही. तिच्या नावाचा वेगळा लिफाफा आला असणार, आत कार्ड चालू ठेवायचा अर्ज. शोध. तुझ्या त्या कॉलेजात लिफाफा फोडायला शिकवत नाहीत वाटतं? उशीर झाला असला तरी भरून पाठव. बरणीचं मागून बघू.

जूनीच्या दोन्ही गालांना पापा. तुला एकच, तोही लिफाफा सापडल्यावर.

तुझी आत्या,
ओपल

लॉरेल फोर्क
२० ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सापडला. खणात, माझ्या नकाराच्या कागदाखाली, न फोडलेला. का फोडला नव्हता, हे स्वतःला विचारत राहिले. नियम ठाऊक नव्हता हे खरं. दुसरा नकार वाचायचा नव्हता हे जास्त खरं. माझ्या ताठ्यावर लेकीचा श्वास टांगला होता. त्याच दिवशी अर्ज भरून पाठवला. जुना पंप संपायला दोन दिवस उरले असताना तिचं कार्ड पुन्हा सुरू झालं. माझं नाही. माझी दाढ सध्या लवंगेवर आहे.

मग बसमधल्या मुलांकडे बघून वाटलं, असे लिफाफे आणखी किती घरांत पडले असतील? प्रत्येक थांब्यावर दार उघडलं की आयांना विचारू लागले. डेला कॉम्ब्सने सुनावलं, तू रस्ता बघ, माझं टपाल नको बघूस. तिला मी माझ्याच खणाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी ती लिफाफा घेऊन फाटकात उभी, वर मलाच म्हणते, उशीर केलास. तिच्या तिन्ही मुलांची कार्डं टिकली.

बरणी काढायला गेले, तर जूनी अडून बसली. म्हणे दात पडलेला असला तरी फोटो छान आलाय. जमलेलं सगळं आम्ही शेजारच्या, घर जळलेल्यांच्या बरणीत ओतलं. जूनीच्या बरणीत आता पेनं आहेत. खाली तिच्याच अक्षरात आहे: आईचं कार्ड गेलं म्हणून तुमचं जात नाही. लिफाफा आणा, माझी आई भरून देईल.

दर शनिवारी मी त्या बरणीशेजारी बसते. नवखं कोणी फोटोकडे बघून विचारतं, ही कोणाची गं? मी पेन खाली ठेवते आणि सांगते, माझी.

राहिलेला पापा लवकर पाठव.

तुझी,
रोवेना