यादीतली आई

३ फेब्रुवारी

चि. फटाकडीस,
अ.आ.

निवडणूक तोंडावर आली आणि आम्हा मास्तरांना मतदार यादी घेऊन दारोदार पिटाळलंय. प्रत्येक नावाचा माणूस आहे की गेला, ते विचारून लिहायचं. आपल्याच घरी काय विचारायचं, म्हणून मी हजेरी घेतल्यासारखं तिन्ही नावांपुढे 'आहे' लिहून टाकलं. आईला जाऊन आठ महिने झाले आणि मी तिचा पोटचा पोरगा!

दुरुस्तीच्या अर्जावर बाबांची सही हवी. त्यांनी यादीतल्या आईच्या नावावरून बोट फिरवलं आणि दुकानातलं शिलाई मशीन सुरू केलं. म्हणाले, सरकारने ठेवलंय, तू कोण काढणारा? शुक्रवारी यादी बंद होते. तिच्या नावावर कुणी खोटं मत टाकलं तर? तूच लिही, तुझं ऐकतात.

तुझा लोभ या वेळी जरा कामाला लाव.
दादा

५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि.सा.न.

दादा वेंधळा आहे, हे काही आज कळलेलं नाही. त्याच्यावर रुसू नका. मलाही ते नाव राहावंसं वाटतं, त्याचं पत्र वाचून मी खूप रडले. पण आठवा, शेजारचे आजोबा वारल्यावर त्यांच्या नावावर कुणी मत टाकायला आला, तेव्हा आई मतदान केंद्राच्या दारात आडवी उभी राहिली होती. तुम्ही म्हणालात, एका मताने काय होतंय? तर दोन दिवस अबोला! आता तिच्याच नावावर कुणी आलं, तर दारात कोण उभं राहणार?

रागावलात तरी माया तेवढी राहू द्या.
तुमची फटाकडी

९ फेब्रुवारी

चि. फटाकडीस,
अ.आ.

शुक्रवारी सही केली. तुझा मास्तर दादा मशीनवर डोकं टेकून रडला, मग मीही.

मी देशाच्या गप्पा मारायचो, तुझी आई म्हणायची, आधी गल्लीच्या नळाला पाणी आणा. चाळीस वर्षं भांडत मतदानाला गेलो आणि एकमेकांविरुद्ध मत देऊन भांडत परत आलो.

आज उमेदवार दुकानात आले. देशावर छान बोलले. एरवी मी चहा मागवला असता. आज त्यांना हाताला धरून नळापाशी नेलं आणि तोटी सोडायला लावली. नळ नुसता फुसफुसला.

तिला हे कधी सांगतो असं झालं. दुकान तसंच टाकून घरी आलो, आणि दारातच थांबलो.

येऊन जा, माया आहेच.
बाबा